मजुरीचा अदमास

संसारी माणसाचें निम्में आयुष्य दुसऱ्यांनीं केलेल्या अदमासांवर उभें असतें. गवंडी चार दिवसांत गच्चीची गळती काढून देतों म्हणतो, सुतार दिवाळीच्या आंत कपाट पोंचवितों म्हणतो, शिंपी मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळचा वायदा करतो. आणि आपण त्यांच्या शब्दांवर आपली रजा, आपला पैसा व क्वचित् घरांतली आपली पतही टांगून ठेवतों. हे अदमास चुकले म्हणजे त्या मंडळींस लबाड ठरवून आपण मोकळे होतों. वस्तुतः लबाडी पुष्कळदां अगदीं शेवटीं येते. तिच्या पूर्वीं एक खरीखुरी अडचण उभी असते. जें काम अजून उघडून पाहिलेलें नाहीं त्याला किती वेळ लागेल, हें कोणी आणि कशाच्या आधारावर सांगावें? या प्रश्नाचा शांतपणें विचार करण्याची संधि मला आमच्या जुन्या मोटारीच्या इंजिनानें दिली.

ही मोटार १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. माझ्या वडिलांनीं ती घेतली त्या काळीं पैसे भरून कित्येक वर्षें वाट पाहावी लागे, आणि गाडी दारांत आली म्हणजे लोक सत्यनारायण घालीत. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार झाली. मूळ आराखडा इटलीच्या फियाट कंपनीचा. १९७४ च्या सुमारास तिला 'पद्मिनी' हें नांव मिळालें, तरी आमच्या घरांत ती 'फियाट'च राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळें ती साऱ्या देशाच्या ओळखीची झाली होती. २००३ सालीं नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी नाहींशी झाली. नागपुरांत आमची गाडी मात्र चालत होती. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें ५० वर्षें पुरीं झाल्याखेरीज मोटारीला 'व्हिंटेज' ही पदवी मिळत नाहीं. तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें आमची गाडी अद्याप पुराणवस्तु झालेली नाहीं, ती नुसतीच म्हातारी आहे.

गेल्या हिवाळ्यांत हें म्हातारपण फारच जाणवूं लागलें. मागच्या नळींतून निळसर धूर येई, दर पंधरवड्यास ऑइल भरावें लागे, आणि रेल्वेस्टेशनाजवळच्या रामझुल्याच्या चढावर भरलेल्या ऑटोरिक्षाही आम्हांस मागें टाकून पुढें जात. निळा धूर म्हणजे पेट्रोलाबरोबर ऑइल जळत आहे, एवढें मलाही ठाऊक होतें. मोटारीचे मिस्त्री अशा दुखण्याचे दोन प्रकार करतात. वरचें हेड काढून व्हॉल्व्ह घासणें, रिंगा व बेअरिंगें बदलणें, एवढ्यावर भागलें तर तें 'हाफ इंजिन'; आणि सबंध इंजिन खालीं उतरवून सिलिंडरचें बोअरिंग व क्रँकचें ग्राइंडिंग करावें लागलें तर तें 'फुल इंजिन'. या दुसऱ्या कामाला ते 'इंजिन बांधणें' असेंही म्हणतात. हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. घर बांधतात, पूल बांधतात, तसेंच जुनें इंजिनही नव्यानें बांधतात. आमच्या सौभाग्यवतींचें लक्ष मात्र शब्दांकडे नव्हतें. "किती दिवस आणि किती पैसे, एवढं त्यांच्याकडून वदवून घ्या, मग काय तें हो म्हणा," असें त्यांनीं बजावलें.

तें वदवून घेण्यास माझा पुतण्या बरोबर आला. तो पुण्यास मोटारींच्या धंद्यांत इंजिनिअर आहे, आणि प्रत्येक गोष्टीचें कोष्टक असतें, नसल्यास तें असावयास हवें, अशी त्याची श्रद्धा आहे. "काका, हेड काढायला इतके तास, क्रँक बसवायला इतके तास, हें सगळं छापलेलं असतं," असें त्यानें मला सांगितलें. आमच्या गाडीचें कोष्टक त्याला मिळालें नाहीं. म्हणून तशाच चार सिलिंडरांच्या एका इंजिनाचें घेऊन त्यानें कामाचे तुकडे पाडले, बेरीज केली, आणि ३८ तास हा आंकडा काढला.

या कोष्टकांची मी थट्टा करणार नाहीं. त्यांच्यामागें मोठा इतिहास आहे. १९११ सालीं फ्रेडरिक टेलरनें शास्त्रीय व्यवस्थापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि हातांत घड्याळ घेऊन मजुराच्या हालचाली मोजण्याच्या पद्धतीला तत्त्वज्ञानाचें रूप आलें. १९१३ सालीं डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क येथें हेन्री फोर्डनें सरकता पट्टा सुरू केला, तेव्हां एका मोटारीचा सांगाडा जुळविण्यास सुमारें १२॥ तास लागत. पुढच्याच वर्षीं तें काम १ तास ३३ मिनिटांवर आलें. मोटार तयार करण्याचे तास असे मिनिटांपर्यंत मोजतां आले, तेव्हां तिच्या दुरुस्तीचे तासही छापून काढावेत, हें ओघानेंच आलें. अमेरिकेंत 'फ्लॅट रेट' नांवाची जी पद्धत रूढ झाली तींत कारागिराला पुस्तकांतल्या तासांप्रमाणें मजुरी मिळते. पुस्तकांत ४ तास असतील तर त्यानें काम ३ तासांत केलें तरी ४ तासांचे पैसे, आणि ६ तास लागले तरीही ४ तासांचेच. आपल्याकडे यालाच 'उक्तें काम' म्हणतात; फरक इतकाच कीं तेथें उक्त्या कामानें तासांचें सोंग घेतलें आहे.

घाट रोडच्या बाजूस एका लिंबाच्या झाडाखालीं ज्यांचें काम चालतें ते आमचे मिस्त्री साठी उलटलेले आहेत. त्यांनीं पुतण्याचा कागद आदरानें हातांत घेतला, घडी करून खिशांत ठेवला आणि गाडी चालू करावयास सांगितली. चालू इंजिनावरचें ऑइल भरावयाचें झांकण काढून त्यांनीं त्या तोंडावर तळहात धरला. मग इंजिन बंद करून चारही प्लग काढले व ओळीनें फडक्यावर मांडले. तिसरा प्लग ओला व काळा होता.

"तिसऱ्या सिलिंडरमध्यें काम आहे, एवढं आज सांगतो," ते म्हणाले. "बोअर किती खाल्ला, क्रँक किती घासला, हे खोलल्याबिगर कसं सांगूं जी? सर, तुम्ही तास विचारून राहिले. आज सांगितला तर तो मी मनानंच सांगीन."

"पण मिस्त्री, इतकीं वर्षं काम करतां तुम्ही, कांहीं तरी आंकडा असेलच कीं!" पुतण्या म्हणाला.

"आंकडा आहे ना भाऊ. कमी सांगितला तर तुम्ही खूष. मग मला काम दाबावं लागते. जास्त सांगितला तर मी खूष; मग तुम्ही दुसरीकडं जाता. खरा आंकडा खोलल्यावर भेटते."

यांत टाळाटाळ होती काय? इंजिनाची रचना थोडी समजून घेतली तर नव्हती असेंच म्हणावें लागेल. कारखान्यांतून निघालेल्या या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा पल्ला ७५ मिलिमीटर, आणि असे चार सिलिंडर मिळून १०८९ घनसेंटिमीटर. नवीं असतांना हीं सर्व इंजिनें जुळीं भावंडें. एकावर मोजलेले तास दुसऱ्याला तंतोतंत लागू पडतात. पण पिस्टन वरखालीं होतांना बाजूच्या भिंतीला रेटा देत असतो, त्यामुळें गोल भोंक हळू हळू लंबगोल होतें. आणि वरच्या टोंकाला, जेथें उष्णता अधिक व तेल कमी, तेथें तें अधिक झिजतें. ही झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावयाची. ती कोणाची किती व्हावी, हें मालकानें ऑइल केव्हां बदललें, नागपूरच्या उन्हाळ्यांत रेडिएटरमध्यें पाणी किती वेळां आटलें, मधल्या काळांत कोणी कोणत्या गाडीचे भाग आणून बसविले, यांवर अवलंबून. लोखंडी स्टड आणि ॲल्युमिनियमचें हेड यांच्यामध्यें वर्षानुवर्षें पाणी झिरपलें म्हणजे दोहोंची अशी मिठी बसते कीं तो स्टड पांच मिनिटांत निघेल कीं पांच तासांत, हें पाना लावल्यावांचून ब्रह्मदेवही सांगूं शकणार नाहीं. ४७ वर्षांत प्रत्येक इंजिनाचें चरित्र वेगळें झालेलें असतें, आणि कोष्टकाला चरित्र वाचतां येत नाहीं.

तेव्हां दोनच मार्ग दिसत होते. काम उक्तें द्यावें, म्हणजे न दिसणाऱ्या तासांचा सारा भार मिस्त्रींवर. किंवा रोजावर द्यावें, म्हणजे तोच भार आमच्यावर. मजुरीच्या अदमासावरून जी घासाघीस होते ती वरकरणीं तासांच्या संख्येची असते. आंतून ती अज्ञाताचा भार कोणी उचलावा याची असते. मिस्त्रींनीं तिसरा मार्ग सुचविला. इंजिन उतरविणें, खोलणें, धुणें व मोजणें एवढ्याचेच पैसे आधीं ठरवावेत. मापें हातीं आल्यावर पुढचें बोलावें, आणि तें न पटल्यास आम्हीं इंजिनाचे भाग पेटींत भरून घरीं न्यावेत. माझ्या पुतण्यासही हें पसंत पडलें. मीं एक वही घातली आणि मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरानें रोजचे तास तींत मांडावेत असें ठरलें.

मापें आलीं तेव्हां तिसरा सिलिंडर इतका झिजलेला निघाला कीं चारही सिलिंडर वाढवून त्यांत ०.६ मिलिमीटर मोठे पिस्टन बसविणें प्राप्त होतें. म्हणजे फुल इंजिन. आम्हीं होकार दिला. काम सात आठवडे चाललें. आणि त्यानंतर वहींतली बेरीज झाली ६२ तास.

पुतण्याच्या ३८ तासांची त्या दिवशीं घरांत बरीच थट्टा झाली. पण वही नीट वाचली तेव्हां ती थट्टा अन्यायाची ठरली. इंजिन उतरविण्यास ५ तास, खोलणें व धुणें ७, मोजमाप २, हेड व व्हॉल्व्ह ६, बांधणी ११, गाडींत परत बसविणें ६, आणि टायमिंग, कार्ब्युरेटर व चांचणी ३, एकूण ४०. ज्या कामांना कोष्टकांत नांवें होतीं त्यांत तें अवघ्या दोन तासांनीं चुकलें होतें. उरलेले २२ तास मुळीं कोष्टकाच्या बाहेरचेच होते. हेडमध्यें मोडलेला एक स्टड पोखरून काढण्यास ५ तास. पिस्टनांच्या शोधांत दुकानोदुकानीं हिंडण्यांत ८, आणि अखेर ते मुंबईच्या चोरबाजारांतून आले. लेथवाल्याच्या दारांत बसून ६. आणि पोरानें एक ऑइल सील तिरपें बसविल्यामुळें पुन्हां उघडण्यांत ३.

हिशेबाच्या दिवशीं मी सबंध ६२ तासांचे पैसे घेऊन गेलों होतों. मिस्त्रींनीं वही मांडीवर घेतली व पेन्सिलीनें एकेका ओळीवर खूण करीत ते बोलूं लागले. चाळीस तासांवर वाद नव्हताच. "स्टडचे पांच गाडीचे आहेत, गाडी तुमची, पैसे तुमचे. सील बसवण्यांत पोराचा हात चुकला. पोरगा माझा, तीन तास माझे. लेथवर मी तुमचा ब्लॉक घेऊन बसलों, तसा दुसऱ्या एकाचा क्रँक घेऊनही बसलों होतों; तीन तुमचे, तीन त्याच्याकडून घेतो. आणि सामानाच्या आठांतले पहिले चार मी नाही घेत जी. त्या दुकानांत हे पिस्टन भेटणार नाही, हे मला माहीत असायला पाहिजे होतं."

असे ५२ तास आमच्या नांवावर पडले, ३ दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या, आणि ७ त्यांनीं स्वतःच्या नांवावर मांडले. मीं सात तासांबद्दल आग्रह धरला. "पोराला चहा पाजा," असें म्हणून त्यांनीं वही मिटली. मग सहज, कुतूहलानें, त्यांनीं मला विचारलें, "सर, तुम्हाला कालेजांत तासाचे पैसे भेटते का महिन्याचे?"

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाला अशा वेळीं १८७८ सालचा लंडनचा एक खटला आठवणें स्वाभाविक आहे. व्हिसलर या चित्रकारानें टीकाकार रस्किनवर अब्रूनुकसानीची फिर्याद केली होती. दोन दिवसांच्या श्रमासाठीं आपण २०० गिनी मागतां काय, असें वकिलानें विचारतांच, आपण त्या आयुष्यभराच्या ज्ञानासाठीं मागतों, असें उत्तर व्हिसलरनें दिलें. खटला तो जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग! त्याचें उत्तर बाणेदार खरें, पण घड्याळाला नाकारणारें तें उत्तर थोर कलावंतालाच परवडतें. माझ्या मिस्त्रींनीं घड्याळ नाकारलें नाहीं. त्यांनीं प्रत्येक तास मान्य केला आणि तो कोणाचा एवढेंच विचारलें. मला या बाबतींत व्हिसलरच्या प्रतिपक्षाचाच एक ग्रंथ अधिक जवळचा वाटतो. रस्किनच्या 'अन्टु धिस लास्ट' या पुस्तकाचें नांव बायबलांतल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तावरून आलें आहे. त्यांत पहाटेपासून राबलेल्या व दिवसाच्या अखेरच्या तासाला कामावर आलेल्या मजुरांना मालक सारखीच मजुरी देतो. हें पुस्तक गांधीजींनीं १९०४ सालीं दक्षिण आफ्रिकेंतल्या आगगाडीच्या प्रवासांत वाचलें, १९०८ मध्यें 'सर्वोदय' या नांवानें गुजरातींत उतरविलें, आणि १९३६ सालीं ते आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत सेवाग्रामास येऊन राहिले. त्या दृष्टान्तांतल्या मळ्याच्या मालकानें, दिवसभर कोणी कामावर बोलावलें नाहीं म्हणून नुसते उभे राहिलेल्यांचे तासही आपल्या नांवावर घेतले, असें मला आतां वाटतें.

मिस्त्रींच्या प्रश्नाला मीं 'महिन्याचे' असें खरें उत्तर दिलें. पण तें उत्तर माझ्यापुरतेंच खरें आहे. महाराष्ट्रांतल्या महाविद्यालयांत 'तासिका तत्त्वावर' नेमलेले अनेक अध्यापक आहेत. माझ्याच विभागांत माझी एक जुनी विद्यार्थिनी, आतां डॉक्टरेट मिळविलेली, अशा रीतीनें शिकविते. सकाळीं आमच्याकडे, दुपारीं दुसऱ्या महाविद्यालयांत, आणि मधलें अंतर भर उन्हांत स्कूटरवर. तिला पैसे मिळतात ते वर्गांत घेतलेल्या तासिकांचे. सुटीचे मिळत नाहींत. महिन्याअखेरीस तिचें बिल विभागप्रमुख म्हणून माझ्याकडे सहीस येतें. त्यांत तारीख, वर्ग, विषय व तासिकांची संख्या एवढे रकाने आहेत. तेंही एक कोष्टकच, आणि पुतण्याच्या कोष्टकाप्रमाणेंच आपल्या मर्यादेंत तें अचूक आहे. रात्रीं जागून केलेलें वाचन, घरीं नेलेले निबंधांचे गठ्ठे, तास संपल्यावर दारांत अडवून शंका विचारणारी मुलें, हे सारे त्याच्या बाहेरचे तास. मिस्त्रींच्या वहींत असल्या प्रत्येक तासापुढें कोणाचें तरी नांव होतें. कांहींपुढें तर त्यांचें स्वतःचें होतें. या बिलांत त्या तासांपुढें कोणाचेंच नांव नाहीं, आणि ज्या तासांपुढें कोणाचें नांव नसतें ते न बोलतां दुबळ्याच्या खात्यावर चढतात.

सरकारी नमुना बदलणें माझ्या हातीं नाहीं. म्हणून वहीच्या त्या पानांसारखा एक कागद करून तो भरण्यास मीं तिला सांगितलें: काय काम केलें, किती तास लागले, आणि ते कोणाचे. पहिल्या महिन्याच्या बिलाला मीं तो सहीनिशीं जोडला. असा रकाना नमुन्यांत नाहीं, या शेऱ्यासह कार्यालयाकडून तो परत आला. पुढच्या महिन्यांत आम्हीं तो पुन्हां जोडला. त्या खेपेची बेरीज तीन तासांनीं अधिक होती.